करवत सॅकमध्ये हवी की नको?

नमस्कार ताई,

आमचा दहा-बारा जणांचा ट्रेकिंग ग्रुप आहे. तंबू सोडून आम्ही सगळे हॅमॉकवर (दोन झाडांना बांधायच्या झोळ्यावर) आलो. जमीन सपाट करायला नको, गवत दबायला नको, सकाळी सोडून निघालं की मागे काही उरत नाही, अशी आमची समजूत. पण आमचा लीडर (त्याला सगळे दादाच म्हणतात) सॅकमध्ये घडीची करवत ठेवतो. जागेवर पोहोचलो की आधी 'साफसफाई' होते. हॅमॉकच्या आड येणाऱ्या फांद्या, टार्पला (वर ताणायच्या ताडपत्रीला) लागणाऱ्या डहाळ्या, शिवाय टार्पच्या खुंट्यांसाठी कारवीचे दांडे. मागच्या खेपेला अकोले तालुक्यात एका शेतकरी मामांच्या मालकीच्या राईत उतरलो होतो. तिथे त्याने जांभळाची मनगटाएवढी हिरवी फांदी उडवली. मी म्हटलं, कशाला? तर सगळे हसले. "गावकरी अख्खी झाडं बोडकी करतात ते चालतं, आणि आपल्या एका फांदीने जंगल संपणार आहे का?" मला उत्तर सुचलं नाही.

दादा आता पैसे घेऊन शनिवार-रविवारचे कॅम्पही नेतो, वीस-वीस जणांचे. मी स्वतः काही तोडत नाही. माझा आपला साधा नायलॉनचा दोर, झाडाला दोन वेढे दिले की झालं. माझे प्रश्न असे : किती तोडलेलं चालतं? वाळकी फांदी तरी तोडावी का? दादाला काय सांगू, की सरळ वन विभागाला कळवू? आणि त्या जांभळाच्या जखमेवर आता शेणमाती लावून काही उपयोग आहे का?

— आडवा पडलेला, डोंबिवली

आडव्या पडलेल्या भावा,

ताई म्हटलंस म्हणून तूच म्हणते, आणि ताईच्याच हक्काने आधी उत्तर देऊन टाकते. किती तोडलेलं चालतं? हिरवं असेल तर काहीच नाही. डहाळीसुद्धा नाही. हे वाचून दादा म्हणेल, झालं, आल्या शहरातल्या बाया झाडांना राख्या बांधायला. म्हणू दे. मी राखीचं बोलतच नाहीये, हॅमॉकचं बोलतेय.

हॅमॉकला लागतं काय? साधारण चार-पाच मीटर अंतरावरची, मांडीएवढ्या बुंध्याची दोन जिवंत झाडं आणि मधे मोकळी हवा. बस. तंबूवाल्याला सपाट जागा शोधावी लागते, दगड वेचावे लागतात, पाणी कुठून येईल ते बघावं लागतं. हॅमॉकवाल्याला उतार चालतो, खडक चालतो, मुळ्यांचं जाळं चालतं. तुम्ही तंबू सोडलात तो याच सोयीसाठी ना? एवढी मुभा असताना फांदी आडवी येत असेल तर जोडी चुकली, एवढाच त्याचा अर्थ. शेजारची बघायची.

ती बघितली जात नाही, कारण उशीर झालेला असतो. करवत बाहेर निघण्याचं खरं कारण मला हेच वाटतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. सकाळी सहाला निघायचं ठरतं, निघेपर्यंत नऊ वाजतात. कसाऱ्याचा घाट चढून घोटीला मिसळ, मग एकाचे बूट, दुसऱ्याचे सेल, वाटेत फोटो. जागेवर पोहोचेस्तोवर दिवस मावळलेला. मग हेडटॉर्चच्या उजेडात जी दोन झाडं आधी दिसली ती आपली, आणि त्यांच्यामधे जे येईल ते आडवं. उजेडात दहा पावलं पुढे जाऊन जे सुटलं असतं, ते अंधारात करवतीने सोडवायचं. चारच्या आत पोहोचणाऱ्या ग्रुपला करवत लागलेली मी बघितलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी जागा बघण्याचं काम तू अंगावर घे. आधी दोन झाडांच्या मधे उभा राहा आणि मान वर करून नीट बघ. वर वाळकी फांदी आहे का? वाऱ्याने अडकून लोंबणारं काही आहे का? असेल तर तिथून हल. ती तोडून जागा 'सुरक्षित' करण्याच्या भानगडीत पडू नकोस. डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवरची मेलेली फांदी खालून ओढून काढताना माणसं जखमी होतात, आणि ती नाही निघाली तर रात्रभर तिच्याच खाली झोपायचं. मग बुंध्याला हात लावून बघ. थोपटल्यावर पोकळ आवाज येतो का, बुडाशी अळंब्या फुटल्यात का, खांदा लावून रेटल्यावर शेंडा हलतो का. पांगारा, सावर, शेवगा यांच्या वाट्याला जाऊ नकोस, लाकूड मऊ. पहिल्या दोघांना काटे, ते वेगळं. झाडं ओळखायला शीक हे तर आहेच, कारण अंधारात बिब्ब्याच्या फांदीला करवत लावली तर बिबा अंगावर उतेल आणि मग दादाला आठवडाभर सदऱ्याची बटणं लावता येणार नाहीत. कोकणात उतरलात तर पानं शिवून गोळा केलेलं घरटं आधी शोधायचं. त्या लाल मुंग्यांना तिकडे ओंबील म्हणतात. फांदी हलवली की पुढचं काही सांगावं लागत नाही.

समज, सगळं जमलं आणि एकच हिरवी डहाळी नेमकी तोंडाशी येतेय. सुतळीचा तुकडा घे, डहाळी हळूच बाजूला वळव आणि सुरगाठीने तिच्याच मोठ्या फांदीला बांधून ठेव. सकाळी गाठ ओढली की डहाळी जागेवर. टार्पला लागत असेल तर टार्प खाली घे, तिरका लाव, एक कोपरा दुमड. चौकोनी टार्प कोनावर फिरवून लावला की निम्म्या फांद्या आपोआप सुटतात. वीस रुपयांच्या सुतळीत जे होतं त्याला करवत कशाला?

खुंट्यांचं तर विचारूच नकोस. कारवी काय चीज आहे हे दादाला माहीत नाही असं होणार नाही, सह्याद्रीत फिरतो म्हणजे बहर बघितलाच असेल. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. मधल्या वर्षांत कापलेला दांडा म्हणजे फुलायच्या आत संपलेलं झाड. गावात कुडाच्या भिंतींना कारवी लागते, तिथे घर उभं राहतं. तुमची टार्पची खुंटी सकाळी चुलीत जाते. ॲल्युमिनियमच्या खुंट्या काही ग्रॅमच्या असतात, तेही जड वाटत असेल तर दगडाला दोरी बांधा. सह्याद्रीत दगडाला तोटा नाही.

आता त्या मनगटाएवढ्या फांदीकडे येऊ. आपलं कापलं तर नवी कातडी येते, तसं झाडाचंही होत असेल असं बहुतेकांना वाटतं. होत नाही. अमेरिकेच्या वनसेवेत ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं साखळी करवतीने उभी चिरून आतल्या जुन्या जखमा बघितल्या, आणि १९७७ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. त्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं, कूज तिथेच कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. जखम आत तशीच राहते, झाड असेपर्यंत. या भिंती उभ्या करायला साठवलेलं अन्न खर्ची पडतं. धडधाकट मोठ्या झाडाला एक फांदी सोसते, हे दादाचं बरोबर आहे. उन्हाळ्यात पाण्याला तरसलेल्या, कातळावर कशाबशा उभ्या असलेल्या झाडाला ती किती सोसते हे करवत चालवणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

त्यात कापायची पद्धत. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर वळी असते. तू जवळ जाऊन बघ, बहुतेक झाडांवर स्पष्ट दिसते, सालीला सुरकुत्या पडलेल्या असतात. जखम मिटवणारी वाढ तिथून होते. फांदी काढायचीच झाली तर त्या वळीच्या किंचित बाहेर काढायची, आणि ती फाटू नये म्हणून आधी जरा लांबवर खालून अर्धवट काप द्यायचा, मग वरून, मग उरलेला खुंट. कॅम्पवर कोण करतं हे? तिथे वरून एकच घाव किंवा एकच काप, फांदी स्वतःच्या वजनाने खाली जाताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते. नाहीतर वीतभर खुंट उरतो, तो मिटत नाही, वाळतो, आणि कूज त्याच वाटेने आत उतरते. आंबेवाले बागाईतदारही छाटणी करतात, पण ते कुठली फांदी, कधी, कशासाठी हे ठरवून करतात, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली उभे असतात. तुम्ही रविवारी दुपारी निघून जाता.

वाळक्या फांदीचं विचारलंस. हा प्रश्न चांगला आहे, कारण तिथे बहुतेकांचं मन साफ असतं. मेलेलीच आहे, तोडली तर काय? तांबट पक्षी ऐकला असशील, भर दुपारी ठोके घालत बसतो तो. त्याची चोच सुतार पक्ष्याएवढी दणकट नसते, म्हणून त्याला वाळकी, मऊ पडलेली फांदी लागते. आडव्या किंवा तिरक्या फांदीच्या खालच्या बाजूला तो बरोबर गोल भोक पाडतो, पाऊस आत येऊ नये म्हणून. फेब्रुवारी ते एप्रिल त्याची घाई असते, म्हणजे नेमका तुमचा हॅमॉकचा हंगाम. खाली उभं राहून बघितलं तर भोक दिसतं, पण बघायला तर हवं. त्या फांदीत भुंग्यांच्या अळ्या असतात, भेगेत पाली असतात. म्हणून वाळक्या फांदीलाही करवत नाही. मात्र कोपराच्या उंचीवरची पेन्सिलीएवढी काटकी, जी दोन बोटांनी सहज मोडते, ती मोडलीस म्हणून मी तुझ्याशी भांडणार नाही. खाली पडलेलं लाकूड उचलून बाजूला ठेवलंस तरी नाही. सोवळं मलाही पाळायचं नाहीये.

पण थांब. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "माझा आपला साधा नायलॉनचा दोर." भावा, दादाच्या करवतीइतकाच मला तुझ्या दोराचा राग आला.

हिशोब बघ. हॅमॉकची दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या झाडावर साधारण तुझ्या वजनाएवढी ओढ येते. तू ऐंशी किलोचा असशील तर इकडे ऐंशी, तिकडे ऐंशी. हॅमॉक सपाट हवा म्हणून कचकचीत ताणलास, कोन दहा अंशांवर आला, की तीच ओढ दोनशेतीस किलोच्या घरात जाते. आणि ही सगळी ओढ तुझा सहा-आठ मिलिमीटरचा दोर सालीच्या चिमूटभर रुंदीवर टाकतो. तू कूस बदललीस की तो घासतो. रात्रभर. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या अगदी आतल्या पातळ थरातून. दोर रुततो तो त्याच थरावर. एका रात्रीत काही होणार नाही असं म्हणशील. तुमचा ग्रुप परत त्याच राईत जातो, दुसरा ग्रुपही तिथेच जातो, कारण अंतर सोयीचं असलेली झाडं सगळ्यांना तीच सापडतात, आणि उंची तर माणसाच्या उंचीवरच ठरते. वर्षभराने बुंध्याभोवती चकचकीत पट्टा दिसतो. तो पूर्ण गोल झाला की वरचं झाड मुळांना काही पाठवू शकत नाही, आणि मग दोन-तीन वर्षांत झाड वठतं. फांदी तुटलेली दिसते म्हणून तुला राग आला. हे दिसत नाही, म्हणून कुणी हसलंही नाही.

तेव्हा रुंद पट्टे घे, निदान अडीच सेंटिमीटर, चार मिळाले तर उत्तम. पॉलिस्टरचे घे. नायलॉन ताणला जातो आणि ओला झाला की आणखीच, पहाटे दवाने तुझं बूड जमिनीला टेकलेलं असेल. साधारण डोक्याच्या उंचीवर बांध, झोळ राहू दे. झोळदार हॅमॉकमधे किंचित तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते, ताणायची गरजच नसते. साल बघून झाड निवड. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली असते, ती पट्टा सोसते. उंबर, पायर यांची साल गुळगुळीत नि पातळ, नख लावलं तरी चीक येतो, त्यांना नको. पोरसवदा झाडांना अजिबात नको. आणि घाटमाथ्यावर पावसाळी बाजूला असशील तर बुंध्यावर आधीच कोण राहतंय ते बघ. शेवाळ, नेचे, सीतेच्या वेणीसारख्या आमरी (ऑर्किड) यांची वस्ती जमायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात आणि पट्टा एकदा घट्ट सरकवला की ती सोलून खाली येते.

आता ज्याचं उत्तर तुला सुचलं नाही ते. गावकरी झाडं बोडकी करतात. हो, करतात. तुम्ही बघितलेली झाडं बहुतेक राबासाठी छाटलेली असणार. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटून वाळवायच्या, शेण, गवत, पाला यांचे थर भाताच्या किंवा नाचणीच्या रोपवाटिकेवर पसरायचे, वर माती टाकायची आणि पावसाआधी भाजायचं. तणाचं बी जळतं, राखेने रोपं जोमाने येतात. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत खताचं दुसरं साधन नसताना माणसांनी शोधलेली ही रीत. तिच्यावरून ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इंग्रज सरकार आणि शेतकरी यांच्यात इतकं वाजलं की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. राबाने जंगलाचं काही बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. बोडक्या ऐनांच्या रांगा बघून मलाही बरं वाटत नाही. पण तिथे एका घराचं वर्षाचं धान्य त्या फांदीला बांधलेलं आहे, त्या माणसाला तेच झाड पुन्हा फुटायला हवं आहे, आणि चुकलं तर त्याच्याच ताटात कमी येणार आहे. ही भांडणं त्याच्या आज्या-पणज्यांनी लढली, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यातल्या काही हक्कांना कागद मिळाला. तुमच्या फांदीला काय बांधलेलं होतं? टार्प. दादाने त्या माणसाचं नाव ढाल म्हणून पुढे केलं याचाच मला जास्त राग येतो. एरवी याच गावकऱ्याने शेळ्यांसाठी टहाळ तोडला की आपण शहरातले नाकं मुरडतो.

आणि 'एका फांदीने जंगल संपणार आहे का' याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. दादा आता वीस जण नेतो. वीस हॅमॉक म्हणजे चाळीस वेढे, दर शनिवारी, तीच राई. हौसेने जाणाऱ्या एकट्यादुकट्याला मी कदाचित एवढं लांबलचक लिहिलं नसतं. पैसे घेतले की ती जागा तुमच्या धंद्याचं भांडवल झाली. निदान धंदेवाईक हिशोबाने तरी ती राखावी, आलटूनपालटून दुसऱ्या झाडांवर जावं, एका राईला महिना-दोन महिने सोडावं.

कायद्याचं थोडक्यात. राखीव जंगलात झाड पाडणं तर सोडच, फांद्या छाटणं, साल गोल सोलणं, साल-पानं ओरबाडणं, हे सगळं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ मधे नाव घेऊन मना केलेलं आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, तिथे आत जायलाच परवानगी लागते आणि वनस्पतीला हात लावायचा प्रश्न येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यं आहेत, 'आम्ही गडावर गेलो होतो' हे उत्तर चालत नाही. देवराईत कायद्याच्याही आधी गावाचा शब्द. कित्येक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. तिथे हॅमॉक लावायचा का, हे आधी गावात विचार, आणि चेहऱ्यांवर जराशी नाराजी दिसली तर लावू नकोस. मालकीच्या रानातही जांभूळ, आंबा, फणस, ऐन, हिरडा अशी झाडं पाडायची तर खुद्द मालकाला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी काढावी लागते. फांदी म्हणजे झाड पाडणं नव्हे, मान्य. पण ज्या जांभळाला मामा स्वतः विचारून हात लावतात, त्याला पाहुण्याने न विचारता करवत लावावी, हे कुठल्या रीतीत बसतं?

मालकीच्या जागेत एक सवलत मी मानते. मालकाला विचारलं, त्याने "ही फांदी तशीही काढायचीच आहे" म्हणून स्वतः कोयता आणला आणि काढली, तर काढली. त्याचं झाड, त्याचा हात. "दादा, काढा हो, काय होतंय" असं पाहुण्याला बरं वाटावं म्हणून तो बोलला असेल तर ती परवानगी समजू नकोस. वीस जणांचं जेवणाचं बिल ज्याच्या घरी होणार आहे, तो दुसरं काय म्हणणार?

दादाशी बोलायचं कसं? चारचौघांत, रात्री, शेकोटीपाशी नको. एकदा हसे झालेलं आहे, परत तिथेच बोललास तर तू ग्रुपचा 'निसर्गवाला' होशील आणि तुझं बोलणं दर वेळी विनोद म्हणून खपेल. निघायच्या आधी फोन कर. "दादा, या वेळी मी आणि अजून एक जण पुढे जातो, चारपर्यंत जागा बघून ठेवतो. करवत लागली तर मला सांग, मी दुसरी जोडी दाखवतो." बस, एवढंच. त्याच्या पुढारीपणाला धक्का नाही, आणि कटकटीचं एक काम कमी होतंय म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही. पुढे गेल्यावर तुझी सोय बाजूला ठेवून आधी त्याचा हॅमॉक कुठे लागेल ते बघ. मोकळी जोडी त्याला दे. पट्ट्यांचा जादा जोड घेऊन जा आणि ज्याच्याकडे दोर आहे त्याला दे, स्वतःचा दोर बदलल्याचं सांगून. एवढं केल्यावरही करवत निघालीच, तर मग तिथल्या तिथे, मोठ्याने, सगळ्यांसमोर "नको" म्हण. आणि पुढच्या वेळी जाऊ नकोस.

वन विभागाचं म्हणशील तर जागेवर अवलंबून. ही घटना मालकीच्या रानातली, तिथे कळवायचं ते मामांना. पण दादा पैसे घेऊन नेलेल्या लोकांसह राखीव जंगलात किंवा अभयारण्यात हेच करत असेल, तू एकदा स्पष्ट सांगून झालं असेल आणि तरी चालूच असेल, तर तिथल्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला सांगण्यात मला चहाडी दिसत नाही. आधी त्याला सांग, की सांगणार आहे. पाठीमागून नको.

राहिलं ते जांभूळ. शेणमाती नको. जखमेवर लेप लावून आतली कूज थांबत नाही, हेही शिगोंनी कापून बघितलेलं आहे. साल फाटून लोंबत असेल किंवा वीतभर खुंट उरला असेल तर वळीच्या बाहेर तो नीट काढता येतो, पण तो मामांनी काढायचा, तू नव्हे. तेव्हा त्यांना फोन लाव. नंबर दादाकडे असेलच. सांग, तुमच्या जांभळाची एक फांदी आमच्याकडून तोडली गेली, तुम्हाला विचारलं नव्हतं, येऊन बघतो म्हणतोय. ते बहुधा म्हणतील, असू दे रे पोरा. तरी जा, आणि मोहोर धरायच्या आत जा. जांभूळ विकायला राजूरच्या बाजारात जात असेल तर त्या फांदीवर किती माल यायचा तेही विचार आणि पैसे देऊ कर. घेतील न घेतील, ते त्यांचं ते ठरवतील.

— ताई